कॉम्बॅटमधला टर्न ऑर्डर नीट कसा चालवायचा: तयारीपासून यादी बंद करेपर्यंत

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या रोलप्लेइंग गेममध्ये फाईट सुरू झाली की टेबलावर सगळ्यात जास्त वेळा ऐकू येणारं वाक्य "आता कोणाचा टर्न?" हे असेल, तर प्लेअर्सना दोष देऊ नका, ऑर्डर ठेवायची पद्धत बघा. इनिशिएटिव्हचा, म्हणजे कोण आधी खेळणार याचा, नियम छोटासा आहे, डी२० (वीस बाजूंचा डाइस) टाका, डेक्स्टेरिटी (चपळाई) मॉडिफायर मिळवा, मोठ्या आकड्यापासून सुरुवात करा, झालं. हे सगळ्यांना पाठ असतं. पण रोल नेमका कधी मागायचा, आकडे कसे गोळा करायचे, लिहायचे कुठे, कुठला इफेक्ट कधी संपतो हे कुठे नोंदवायचं, याचा विचार बरेच डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) फाईट सुरू झाल्यावर करतात आणि मग तिसऱ्या राऊंडपर्यंत यादीचं पार भजं झालेलं असतं.

उदाहरणं डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या एडिशनची घेतलीत, २०१४ आणि २०२४ च्या नियमांत फरक आहे तिथे वेगळं सांगितलंय. दुसरी सिस्टीम खेळत असाल तरी स्टेप्सचा क्रम हाच ठेवा, इतर सिस्टीम्सबद्दल शेवटाकडे थोडं आहे.

१. सेशनच्या आधीची तयारी

हा भाग सगळ्यात जास्त स्किप होतो आणि अर्ध्याहून जास्त गोंधळ इथूनच येतो.

जाड कागदाची कार्डं करा, पत्त्याच्या आकाराची. प्रत्येक कॅरेक्टरसाठी एक. त्यावर नाव मोठ्या अक्षरात, खाली इनिशिएटिव्ह मॉडिफायर, आर्मर क्लास (घाव लागायला गाठावा लागणारा आकडा), पॅसिव्ह परसेप्शन (रोल न करता किती लक्षात येतं तो आकडा). नाव कॅरेक्टरचं आणि प्लेअरचं दोन्ही लिहा, कारण घाईत आपल्याला एकच आठवतं. कार्डाचा खालचा अर्धा भाग कोरा सोडा, तिथे पेन्सिलने इफेक्ट लिहायचेत.

मॉन्स्टर्सचीही कार्डं करा आणि त्यांचा इनिशिएटिव्ह घरीच रोल करून ठेवा. टेबलावर सगळे तुमच्या तोंडाकडे बघत असताना पाच वेळा डाइस टाकत बसण्यात काही अर्थ नाही. २०२४ च्या नियमांत तर रोल न करता १० अधिक मॉडिफायर असा ठरलेला स्कोअरही वापरता येतो, नव्या स्टॅट ब्लॉकमध्ये (मॉन्स्टरच्या आकड्यांच्या चौकटीत) तो कंसात छापलेलाच असतो.

एकसारखे मॉन्स्टर असतील तर ग्रुपला एकच रोल, हे नियमातच आहे. पण चार डाकू एकाच आकड्यावर ठेवले की चौघं लागोपाठ एकाच कॅरेक्टरवर तुटून पडतात आणि पहिल्या राऊंडलाच कुणीतरी आडवं होतं, तेही बिचाऱ्याला काही करायला मिळायच्या आधी. म्हणून तीनपेक्षा जास्त असतील तर दोन ग्रुप करा, दोघांना वेगळा रोल. फाईट लगेच जास्त हलती वाटते आणि मधल्या प्लेअर्सना जखमी साथीदाराला वाचवायची संधी मिळते. टोकन किंवा मिनीला (छोट्या मूर्तीला) खालून नंबर चिकटवा आणि तोच नंबर कार्डावर लिहा.

शेवटचं, एक रिकामं कार्ड घ्या आणि त्यावर "राऊंड" एवढंच लिहा. याचा उपयोग पाचव्या स्टेपला कळेल.

चेक: कार्डं सगळी आहेत का, मॉन्स्टरच्या कार्डावर आकडा आधीच आहे का, प्लेअर्सचे मॉडिफायर आत्ताच्या लेव्हलचे आहेत का? लेव्हल वाढल्यावर किंवा नवीन फीट (खास क्षमता) घेतल्यावर कार्ड बदलायचं राहून जातं.

२. सीन थांबवा, मग रोल

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती याच स्टेपला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

समजा पार्टी डाकूंच्या म्होरक्याशी बोलणी करतेय. बोलता बोलता रोग (Rogue, चोरट्या पात्राचा क्लास) खेळणारा म्हणतो, "मी सुरी काढून त्याच्या गळ्यावर फेकतो." आता बरेच डीएम काय करतात, तर म्हणतात ठीक आहे, अटॅक रोल कर. तो रोल करतो, डॅमेज देतो, आणि मग डीएम म्हणतो, चला आता सगळ्यांनी इनिशिएटिव्ह. म्हणजे रोगला एक फुकटचा टर्न मिळाला आणि नंतर इनिशिएटिव्ह चांगला आला तर लगेच अजून एक. हे एकदा चाललं की पुढच्या प्रत्येक सीनमध्ये सगळे प्लेअर "मी आधी मारतो" म्हणून ओरडायची शर्यत लावतात आणि संवाद खेळायला कुणी थांबतच नाही. जो लाजाळू प्लेअर आहे तो कायम मागे राहतो.

बरोबर क्रम असा. प्लेअरने हल्ल्याचा इरादा सांगितला की तिथेच सीन गोठवा. सुरी अजून हातातून सुटलेली नाही, फक्त हात कमरेकडे गेलाय. डीएमने हे शब्दांत सांगायचं, "तुझा हात सुरीवर गेला, सगळ्यांनी इनिशिएटिव्ह रोल करा." मग जो आकडा येईल तो येईल. म्होरक्याचा जास्त आला तर त्याने हाताची हालचाल हेरली आणि तो आधी हलला. रोगचा जास्त आला तर त्याची सुरी आधी सुटली. आणि रोगचा टर्न येईपर्यंत परिस्थिती बदलली असेल तर त्याने सुरीच फेकली पाहिजे असं काही नाही, तो त्या क्षणी वाटेल ते करू शकतो.

प्लेअर म्हणेल, "पण सुरुवात मी केली होती ना!" त्याला शांतपणे सांगा की सगळ्यांच्या हालचाली जवळजवळ एकाच वेळी चालल्यात, राऊंड म्हणजे फक्त सहा सेकंद, आणि कोण किती झटकन हलला हे ठरवायलाच तर हा रोल आहे. पहिल्या सेशनलाच हे सांगून ठेवलंत तर नंतर वाद होत नाही.

सावधान: "मी आधीपासून ॲक्शन रेडी करून ठेवली होती" हा याच फुकट टर्नचा दुसरा दरवाजा आहे. रेडी, म्हणजे ठरावीक गोष्ट घडली की करायची कृती आधीच ठरवून ठेवणं, ही कॉम्बॅटमध्ये घ्यायची ॲक्शन आहे. इनिशिएटिव्ह सुरू होण्याआधी रेडी नसतं. दारावर धनुष्य ताणून उभं असण्याचा फायदा द्यायचा असेल तर तो सरप्राइजमधून द्या.

३. सरप्राइज कुणाला, हे रोलच्या आधी ठरवा

सरप्राइज राऊंड नावाची गोष्ट पाचव्या एडिशनमध्ये नाहीये. जुन्या एडिशनची सवय टेबलाटेबलावर चालत आलीय एवढंच. सरप्राइज प्रत्येक जिवासाठी वेगळा बघायचा. लपून आलेल्यांचा स्टेल्थ विरुद्ध समोरच्या प्रत्येकाचा पॅसिव्ह परसेप्शन, म्हणूनच तो आकडा कार्डावर लिहायला सांगितला. एकाच टोळीतले दोन डाकू सरप्राइज्ड आणि तिसरा सावध असं होऊ शकतं.

२०१४ च्या नियमाने खेळत असाल तर सरप्राइज्ड माणूसही इनिशिएटिव्ह रोल करतो, यादीत त्याचं नाव येतं, त्याचा पहिला टर्न येतो आणि जातो, त्यात तो हलू शकत नाही, ॲक्शन घेऊ शकत नाही. तो टर्न संपला की त्याला रिॲक्शन (दुसऱ्याच्या टर्नलाही करता येणारी झटपट कृती) वापरता येते. म्हणजे इनिशिएटिव्ह १९ आलेला सरप्राइज्ड डाकू पहिल्या राऊंडमध्येच १४ वाल्यावर अपॉर्च्युनिटी अटॅक (जवळून निघून जाणाऱ्यावरचा वार) करू शकतो. त्याला यादीत पहिल्या राऊंडला टाकलंच नाही तर हे हुकतं.

२०२४ मध्ये हे खूप सोपं झालं. सरप्राइज्ड असाल तर इनिशिएटिव्हच्या रोलला डिसॲडव्हांटेज (दोन डी२० टाकून कमी आकडा धरायचा), बाकी टर्न पूर्ण मिळतो. मला हा बदल आवडतो, पूर्ण टर्न हातावर हात धरून बसण्यापेक्षा उशिरा का होईना खेळायला मिळतं. पण म्हणूनच सरप्राइज आधी ठरवणं जास्त महत्त्वाचं झालं, कारण रोल झाल्यावर "अरे तू सरप्राइज्ड होतास" म्हटलं की सगळं परत.

चेक: दोन्ही नियम मिसळू नका. डिसॲडव्हांटेजही दिला आणि टर्नही काढून घेतला, असं बऱ्याच टेबलांवर होतं.

४. आकडे गोळा करणं आणि टाय

डावीकडून सुरू करून एकेकाला "तुझा किती?" विचारू नका. आकडे कुठल्याही क्रमाने येतात आणि तुम्ही खाडाखोड करत बसता. त्याऐवजी वरून खाली पुकारा, "वीसच्या वर कोण? पंधरा ते वीस? दहा ते चौदा? राहिलेले?" ज्याचा आकडा असेल तो बोलेल आणि कार्ड आपोआप योग्य क्रमाने एकाखाली एक लागत जातं. मध्ये मॉन्स्टरची कार्डं सरकवायची, त्यांचे आकडे तुमच्याकडे आहेतच.

अजून वेळ वाचवायचा असेल तर एक फाईट संपताना लगेच पुढच्या फाईटचा इनिशिएटिव्ह रोल करून घ्या. मग पुढचा हल्ला झाला की डीएम थेट पहिलं नाव घेतो, डाइस शोधण्यात सीनची हवा जात नाही. फक्त दोन डी२० टाकायला लावा आणि दोन्ही आकडे लिहा, पहिला साधा रोल, आणि सरप्राइज किंवा कुठला डिसॲडव्हांटेज लागला तर दोघांतला कमी धरायचा.

टायचा नियम एकदाच ठरवा. २०१४ मध्ये प्लेअर्समधला टाय प्लेअर्सनी ठरवायचा, मॉन्स्टरमधला डीएमने, आणि प्लेअर विरुद्ध मॉन्स्टर असेल तर तोही डीएमने. शेवटच्यावरूनच कुरबुर होते, त्यामुळे टेबलापुरता नियम करा, उदाहरणार्थ डेक्स्टेरिटी जास्त त्याचा टर्न आधी. कुठलाही चालेल, पण दर वेळी बदलू नका.

२०२४ चं अलर्ट फीट कुणाकडे असेल तर आकडे गोळा झाल्या झाल्या त्याला विचारा, "कुणाशी अदलाबदल करायचीय?" ती अदलाबदल रोलनंतर लगेचच करायची असते, समोरचा साथीदार राजी असावा लागतो, आणि दोघांपैकी कुणी इनकॅपॅसिटेटेड (कृती करू न शकणारा) असेल तर होत नाही. अर्धा राऊंड गेल्यावर आठवलं तर ती संधी गेली.

५. यादी सगळ्यांना दिसली पाहिजे

डीएमच्या स्क्रीनमागे वहीत लिहिलेली यादी म्हणजे फक्त एकाला माहीत असलेली यादी. कार्डं अर्धी दुमडून स्क्रीनवर टांगा, किंवा नावं लिहिलेले कपड्यांचे चिमटे स्क्रीनच्या कडेला लावा, किंवा व्हाइटबोर्डवर लिहा. मॉन्स्टरच्या कार्डाच्या प्लेअर्सकडच्या बाजूला फक्त नाव किंवा "?" असू दे, आकडे आतल्या बाजूला. व्हर्च्युअल टेबलटॉपवर हे सॉफ्टवेअर करून देतं, तरी मॉन्स्टरची खरी नावं लपवायची सेटिंग आधी बघून घ्या.

"राऊंड" लिहिलेलं कार्ड यादीच्या अगदी शेवटी लावा. ते आलं की कार्डावर एक रेघ मारा आणि परत वरून सुरू करा. एक मिनिटाचा स्पेल म्हणजे दहा राऊंड, आणि रेघा मारलेल्या असल्या की तो कधी संपला यावर अंदाजपंचे बोलायची वेळ येत नाही.

६. टर्न पुकारताना दोन नावं घ्या

"आता रोग. क्लेरिक, तयार राहा." प्रत्येक वेळी, न चुकता. पुढच्याला आधी कळलं की तो स्पेलचं वर्णन आताच वाचून ठेवतो, आणि टर्न आल्यावर "थांबा, बघतो" होत नाही. या एका सवयीने फाईट जितकी पळते तितकी दुसऱ्या कशानेही नाही, त्यामुळे बाकी काही जमलं नाही तरी हे कराच.

टर्न संपल्याचं प्लेअरने स्वतः म्हणायचं, "माझं झालं." डीएमने गृहीत धरून पुढे गेलं की "अरे माझी बोनस ॲक्शन राहिली" येतं आणि मग मागे जावं लागतं.

कुणी खूप वेळ अडकलं तर? नवीन प्लेअर असेल तर दोन पर्याय सुचवा, वेळ द्या. सवयीचा असेल आणि दर वेळी अडकत असेल तर आधीच ठरवलेला नियम लावा, ठरत नसेल तर कॅरेक्टर डॉज (हल्ले चुकवायची ॲक्शन) घेतं आणि आपण पुढे जातो. कठोर वाटतं, पण बाकीचे चार जण ताटकळत असतात त्यांचाही विचार करायला हवा.

७. इफेक्ट कुणाच्या कार्डावर लिहायचा

आता एक राऊंड जवळून बघू. यादी अशी लागलीय:

रोग १९
डाकू १ आणि २: १६
क्लेरिक १४
म्होरक्या १२
फायटर ९
डाकू ३ आणि ४: ८
विझर्ड ५
राऊंड

क्लेरिकने १४ वर म्होरक्यावर होल्ड पर्सन (समोरच्याला खिळवून ठेवणारा स्पेल) टाकला, म्होरक्याचा सेव्ह (इफेक्ट टाळायचा रोल) फेल, तो पॅरलाइझ्ड. इथे दोन कार्डांवर लिहायचं. म्होरक्याच्या कार्डावर "पॅरलाइझ्ड, टर्नच्या शेवटी विझडम सेव्ह", क्लेरिकच्या कार्डावर "कॉन्सन्ट्रेशन: होल्ड पर्सन". कॉन्सन्ट्रेशन म्हणजे स्पेल चालू ठेवायला लागणारं लक्ष. आता १२ आला. म्होरक्या काही करू शकत नाही म्हणून डीएम सरळ फायटरकडे उडी मारतो, आणि चूक झाली. टर्न आलाच पाहिजे, कारण सेव्ह त्या टर्नच्या शेवटी आहे. कार्डावर लिहिलेलं असलं की सेव्ह घेतला जातो. समजा परत फेल. ९ वर फायटर जवळ जाऊन मारतो, ॲडव्हांटेज (दोन डी२० टाकून जास्त आकडा धरायचा) मिळतो, आणि पाच फुटांच्या आतून लागलेला घाव क्रिटिकल. मग ८ वर तिसरा डाकू क्लेरिकला मारतो, आणि डीएमची नजर क्लेरिकच्या कार्डावरच्या शब्दावर पडते. कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, डीसी (गाठायचा आकडा) १० किंवा डॅमेजच्या निम्मा, जो जास्त असेल तो. तो फेल झाला तर म्होरक्या तिथल्या तिथे मोकळा आणि दोन्ही कार्डांवरचं खोडायचं. एकाच कार्डावर लिहिलं असतं तर यातलं काहीतरी नक्की सुटलं असतं.

याचा साधा नियम म्हणजे इफेक्ट ज्याच्या टर्नला संपतो किंवा ज्याचा सेव्ह आहे त्याच्या कार्डावर लिहा, आणि कॉन्सन्ट्रेशन टाकणाऱ्याच्या कार्डावर. "तुझ्या पुढच्या टर्नच्या सुरुवातीपर्यंत" आणि "शेवटपर्यंत" यात फरक आहे, लिहिताना सुरुवात की शेवट हा शब्द सोडू नका. डॉज सुरुवातीपर्यंत टिकतो. रिॲक्शनसुद्धा स्वतःच्या टर्नच्या सुरुवातीलाच परत मिळते, राऊंड बदलल्यावर नाही, हे बऱ्याच जुन्या प्लेअर्सनाही माहीत नसतं. रिॲक्शन वापरली की कार्ड थोडं तिरकं करा, टर्न आला की सरळ.

सावधान: रेडी घेतल्याने पाचव्या एडिशनमध्ये इनिशिएटिव्ह बदलत नाही, कार्ड जागेवरच राहतं. ट्रिगर झाल्यावर जे होतं ते रिॲक्शनने होतं, म्हणजे त्या दरम्यान अपॉर्च्युनिटी अटॅक करून टाकला असेल तर रेडी केलेली ॲक्शन गेली. स्पेल रेडी केला तर स्लॉट (स्पेल टाकायचा मर्यादित कोटा) तेव्हाच खर्च होतो आणि तो सोडेपर्यंत कॉन्सन्ट्रेशन लागतं. आणि "मी माझा टर्न नंतर घेतो" असं थांबण्याची सोय या एडिशनच्या नियमांत नाही. हाऊस रूल म्हणून द्यायची असेल तर द्या, पण मग कार्ड कायमचं खाली सरकवा, नाहीतर "पुढच्या टर्नपर्यंत" वाले इफेक्ट फुकट लांबतात.

८. मधेच कुणी आलं, कुणी पडलं

कुमक आली तर त्यांचा इनिशिएटिव्ह तेव्हाच रोल करून कार्ड योग्य जागी लावा आणि पुढच्या राऊंडपासून खेळवा. दिसल्या दिसल्या त्याच क्षणी हल्ला करायला लावलं की प्लेअर्सना प्रतिसाद द्यायला वेळच उरत नाही.

कॅरेक्टर शून्यावर गेलं तरी कार्ड काढायचं नाही. त्याचा टर्न येतो आणि सुरुवातीला डेथ सेव्हिंग थ्रो (जगतो की मरतो याचा रोल) असतो. मेलेल्या मॉन्स्टरचं कार्ड मात्र लगेच काढा, ग्रुपमधले सगळे मेल्यावरच ग्रुपचं.

लेजेंडरी ॲक्शनवाला मॉन्स्टर असेल तर ती दुसऱ्याचा टर्न संपल्यावर, एका वेळी एकच, हे डीएमच्या लक्षात राहत नाही आणि दोन राऊंड झाल्यावर आठवतं की एकही वापरली नाही. तीन खडे समोर ठेवा, वापरली की एक बाजूला, त्याचा टर्न सुरू झाला की तिन्ही परत. २०१४ च्या लेअर ॲक्शनसाठी (मॉन्स्टरच्या अड्ड्यामुळे होणाऱ्या कृतीसाठी) २० आकड्याचं वेगळं कार्ड लावा, टाय झाला तर ते नेहमी मागे.

९. दुसरी सिस्टीम असेल तर

पाथफाइंडरच्या दुसऱ्या एडिशनमध्ये इनिशिएटिव्ह सहसा परसेप्शनवर असतो, लपत येत असाल तर स्टेल्थवर. टायमध्ये शत्रू प्लेअरच्या आधी. तिथे डिले (टर्न मागे ढकलणं) अधिकृत आहे, आणि कॅरेक्टर शून्यावर गेलं की त्याची जागा ज्याच्या टर्नला पडलं त्याच्या बरोबर आधी सरकते, त्यामुळे कार्डं हलवता येणं तिथे जास्तच गरजेचं. सॅव्हेज वर्ल्ड्समध्ये दर राऊंडला पत्ते वाटतात, जोकर आला त्याने हवं तेव्हा खेळायचं, आणि जोकर निघाला की राऊंड संपल्यावर पत्ते पिसायचे. कॉल ऑफ कथुलूच्या सातव्या एडिशनमध्ये रोलच नाही, डेक्स जास्त तो आधी, बंदूक तयार धरलेली असेल तर गोळी झाडण्यासाठी डेक्समध्ये ५० मिळवायचे.

टर्न संपवणाऱ्याने पुढचं नाव निवडायचं, ही पद्धतही बरेच टेबल वापरतात. मजा येते, पण सगळे प्लेअर आधी उरकून घेतले की शेवटी राहिलेले मॉन्स्टर या राऊंडचे शेवटचे आणि पुढच्याचे पहिले असे लागोपाठ दोनदा खेळू शकतात, कारण पुढच्या राऊंडचं पहिलं नाव शेवटचा निवडतो. हे प्लेअर्सना सुरुवातीलाच सांगा.

१०. यादी कधी बंद करायची

शेवटचा शत्रू पडला की डीएम लगेच कार्डं गोळा करतो. थांबा. कुणी शून्यावर पडून डेथ सेव्ह करतंय का? आग पसरतेय का, कुणी पळून चाललाय का, एक मिनिटाचा स्पेल अजून चालू आहे का? यातलं एकही असेल तर कार्डं तशीच ठेवून राऊंड चालू ठेवा, नाहीतर तीन जण एकदम "मी हील करतो" म्हणतात आणि मरता मरता वाचलेल्या कॅरेक्टरला किती सेव्ह करायचे होते हे ठरवायला काही आधारच राहत नाही.

उलट बाजूने, उरलेला एकच डाकू आहे, हिट पॉइंट जेमतेम उरलेत, पळायला जागा नाही, तर त्याला शरण येऊ द्या आणि यादी तिथेच बंद करा. सगळं संपलं की कार्डांवरचे इफेक्ट खोडा, चालू असलेले स्पेल आणि वापरलेले स्लॉट प्लेअर्सच्या शीटवर गेलेत ना बघा, आणि पुढच्या फाईटसाठी सगळ्यांकडून दोन डी२० टाकून घ्या.